बेणे तेच, जमीन वेगळी
(आरोग्यातील विषमता कशाने निर्माण होते? – सभासदांसाठी एक धडा)



उसाचा फड पिवळा पडायला लागला म्हणजे आपण आधी पान बघतो. कुणी सांगतो, नत्र कमी पडलंय, युरिया टाका. युरिया टाकल्यावर फड पंधरा दिवस हिरवा दिसतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. मग जाणता शेतकरी मातीचा नमुना परीक्षणाला पाठवतो. तेव्हा उलगडा होतो की जमीन चोपण झाली आहे, पाण्याचा निचरा होत नाही, मुळ्या गुदमरल्या आहेत. बांधाच्या पलीकडे, निचऱ्याच्या जमिनीत, तेच को ८६०३२चे बेणे, तोच खताचा डोस, लागणही त्याच आठवड्यातली. आणि ऊस मात्र डोक्याच्या वर गेलेला. दोष बेण्याचा नव्हता. ज्या जमिनीत ते पडले त्या जमिनीचा होता.

माणसाच्या प्रकृतीचेही पुष्कळ अंशी असेच आहे. एकाच तालुक्यात, एकाच हवेत, एकाच सरकारी दवाखान्याच्या परिसरात माणसे राहतात. त्यातला एक ऐंशी वर्षे काठी न धरता जगतो आणि दुसरा पन्नाशीतच मोडून पडतो. एकाची सर्व लेकरे जगतात, दुसऱ्याच्या घरी पाळणा हलता हलता थांबतो. असे का, म्हणून विचारले तर तीन ठरलेली उत्तरे मिळतात. कुणी म्हणतो नशीब, कुणी म्हणतो अडाणीपणा, कुणी म्हणतो व्यसन. या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे काही असेलही. पण ती पान बघून दिलेली उत्तरे आहेत. आजच्या धड्यात आपल्याला मातीचा नमुना घ्यायचा आहे.

१. नुसत्या दवाखान्याने भागते का?

दर हजार जिवंत जन्मलेल्या मुलांपैकी किती मुले वर्षाच्या आत दगावतात, हा आकडा समाजाच्या आरोग्याचे माप म्हणून जगभर वापरतात. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली हा आकडा केरळात ६ होता, महाराष्ट्रात १६, सबंध देशाचा २८ आणि मध्य प्रदेशात ४३. देश एक, लसी त्याच, डॉक्टरांचा अभ्यासक्रमही तोच. तरी मध्य प्रदेशात जन्मलेल्या मुलाला पहिल्या वर्षी असलेला धोका केरळातल्या मुलापेक्षा सात पट.

केरळात दवाखाने चांगले आहेत हे खरेच. पण तेवढेच नाही. तिथे मुलींच्या शाळेला फार आधीपासून सुरुवात झाली. जमीन सुधारणा झाल्या, कुळाला राहत्या जागेचा हक्क मिळाला, रेशनची व्यवस्था घरोघर पोचली. शिकलेली आई दवाखान्यात जाऊन नर्सला जाब विचारू शकते. ती जाब विचारते म्हणून नर्स वेळेवर येते. म्हणजे दवाखाना चालतो तोसुद्धा समाजाच्या घडणीवर.

ही गोष्ट कुणा चळवळीतल्या माणसाने काल-परवा शोधून काढलेली नाही. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विर्शो नावाच्या तरुण डॉक्टरला वरच्या सायलेशिया प्रांतात टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले. औषधांची यादी घेऊन तो परत येईल अशी सरकारची अपेक्षा असावी. त्याने अहवाल दिला की या भागाला शिक्षण द्या, लोकांना त्यांच्या भाषेत कारभार करू द्या, रस्ते करा, करांचे ओझे गरिबांवरून काढा. साथ उवांमुळे पसरते हे तेव्हा ठाऊक नव्हते. पण उपाशी, दाटीवाटीने राहणाऱ्या आणि कुणी विचारत नसलेल्या माणसांतच ती का माजते, हे त्याने बरोबर ओळखले होते.

२. लंडनच्या कचेरीतला धडा

कुणी म्हणेल, ठीक आहे, उपाशी माणूस आजारी पडतो हे सांगायला विद्वान कशाला पाहिजे? म्हणून आता जिथे कुणी उपाशी नव्हते, अशा ठिकाणचे उदाहरण घेऊ.

१९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८,००० पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली. या कचेऱ्या व्हाइटहॉल नावाच्या भागात आहेत, म्हणून अभ्यासालाही तेच नाव पडले. त्यात सचिवापासून शिपायापर्यंत सगळे होते. सगळ्यांना कायम नोकरी, पगार, पेन्शन आणि सरकारी खर्चाने औषधपाणी होते. पुढे दहा वर्षे नोंद ठेवली, तेव्हा दिसले की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आहे. आणि फरक नुसता वरचा आणि खालचा असा नव्हता. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसा होता. दुसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीवरच्यापेक्षा जास्त धोक्यात, तिसऱ्यावरचा त्याहून जास्त.

खालच्या श्रेणीत विडी-सिगारेट जास्त ओढली जात होती. पण तंबाखू, रक्तदाब, रक्तातली चरबी हे सगळे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. मग सर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून दुसरा अभ्यास हाती घेतला. त्यात बायकाही होत्या. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्याच्यावर कामाचा बोजा आहे, पण काम कसे करायचे, केव्हा थांबायचे, हे ठरवायचा अधिकार नाही, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. साहेबालाही काम पुष्कळ असते, पण घड्याळ त्याच्या हातात असते. शिपायाचे घड्याळ दुसऱ्याच्या हातात असते.

हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा. पोटाला मिळणे ही एक गोष्ट आणि आपल्या दिवसावर आपली सत्ता असणे ही दुसरी गोष्ट. प्रकृतीला दोन्ही लागतात. आता हेच माप घेऊन आपल्या फडात येऊ.

३. कोयता : एक साखळी

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातून टोळ्या निघतात. आपल्याकडे हिशेब माणसांचा होत नाही, कोयत्याचा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, करार कोयत्याशी, मजुरी टनावर. बाई पुरुषाच्या बरोबरीने तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. पण उचलीचे पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात आणि तिचे नाव कागदावर सहसा नसते.

या एका रचनेतून आजाराची साखळी कशी तयार होते, ते कडी कडीने बघू.

पहिली कडी लग्नाची. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात, उचलही तशीच मिळते. मुलगी वयात आली की तिला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापांची काळजी वेगळीच. म्हणून लवकर लग्न. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या बायका बघितल्या, त्यात अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात शेकडा २२च्या आसपास आहे. एकट्या बीड जिल्ह्यात ते ४०च्या वर आहे. विशीच्या आत दोन बाळंतपणे, आणि बाळंतपणानंतर विसावा नाही.

दुसरी कडी पाण्याची. कोप्या पडतात त्या बहुधा माळावर नाहीतर कालव्याकडेला. संडास नाही, मोरी नाही. पहाटे अंधारात एकदा जायचे, नंतर थेट रात्री. दिवसा बाहेर जायला आडोसा नाही म्हणून बाई पाणीच कमी पिते. भर उन्हात घाम गाळायचा आणि पाणी प्यायचे नाही, म्हटल्यावर लघवीचा विकार ठेवलेलाच.

तिसरी कडी खाड्याची. पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, कापड वाळवायला जागा नाही, बसायला सवड नाही. एक दिवस पडून राहावे तर खाडा धरतात. कुठे पाचशे रुपये, कुठे त्याहूनही जास्त कापतात. आणि बाई बसली तर जोडी मोडते, म्हणजे नवऱ्याचेही काम अडते. म्हणून दुखणे अंगावर काढायचे. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे, हे वर्षानुवर्षे चालते.

चौथी कडी दवाखान्याची. हंगाम संपल्यावर गावी गेले की ती खाजगी डॉक्टरकडे जाते. साधा जंतुसंसर्ग असेल तर तो गोळ्यांनी बरा होण्यासारखा असतो. पण त्यासाठी तपासण्या लागतात, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा यावे लागते, नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. काही ठिकाणी हे न करता सांगितले जाते की पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. बाईही विचार करते की पाळी गेली, दुखणे गेले, खाडेही गेले. ऑपरेशनसाठी कर्ज किंवा मुकादमाकडून वाढीव उचल घेतली जाते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा कोयता.

२०१९ साली याबाबत ओरड झाली तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट एकच नाहीत, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवता येणार नाही. पण तीन आणि सतरा यांच्यातले अंतर एवढ्याने मिटत नाही.

गर्भाशय काढणे कधीच बरोबर नसते, असे कुणी समजू नये. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, कशानेच न थांबणारा रक्तस्राव असेल तर ते जीव वाचवणारे ऑपरेशन आहे. पण विनाकारण केले तर त्याची किंमत बाई जन्मभर मोजते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम येतात. हाडे ठिसूळ होतात, सांधे धरतात, झोप जाते, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी ती लवकर थकण्याचा संभव असतो. जे दुखणे जाईल म्हणून ऑपरेशन केले, त्याच्या जागी दुसरे येते आणि डोक्यावरची मोळी तशीच राहते. असे अनावश्यक ऑपरेशन टाळण्यासाठी केंद्र सरकारने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आहे. याचिका राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या बायकांबाबत होती, म्हणजे हे दुखणे एकट्या बीडचे नाही.

आता सांगा, या साखळीत रोगजंतूचा वाटा किती आणि करारातल्या कलमांचा वाटा किती?

४. "त्यांना कळत नाही" असे म्हणण्यापूर्वी

यावर नेहमीचा आक्षेप येतो. सरकारी आरोग्य केंद्र फुकट आहे, तिथे का जात नाहीत? स्वच्छता का पाळत नाहीत? तंबाखूची मिसरी का लावतात?

वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात आयुष्य काढलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९७१ साली एक नियम मांडला, त्याला उलट्या सेवेचा नियम म्हणता येईल. ज्याला औषधोपचाराची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत तो सर्वांत कमी पोचतो. आणि उपचार जितका बाजारावर सोडावा तितका हा नियम पक्का होतो.

आपल्या कार्यक्षेत्रात हा नियम तपासून पाहा. आरोग्य केंद्राची तपासणीची वेळ सकाळची. टोळी तेव्हा फडात. टोळी परत येते तेव्हा डॉक्टर गेलेले. गरोदर बाईची नोंद गावच्या आशाताईकडे. बाई पाच-सहा महिने इकडे. मुलाच्या लसीचे कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. रेशन आता देशात कुठेही मिळण्याची सोय झाली आहे, पण कार्ड कुठल्या दुकानात चालवायचे हे परक्या गावात सांगणार कोण? मिसरी लावली की भूक मरते आणि पहाटे तीनला अंगात चेव येतो. व्यसन वाईटच. पण ते लागते कशाने, हे विचारल्याशिवाय सुटत नाही.

आणि हा प्रश्न फक्त कोप्यांतला आहे, अशा भ्रमातही आपण राहू नये. २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. एवढा आकडा केवळ कोरडवाहू घरांतून भरत नाही. बागायती घरात दूध डेअरीला जाते, भाकरी पुरुषांना आधी वाढली जाते, सून शेवटी जेवते. लंडनच्या जिन्यासारखाच जिना घराघरात आहे. अर्ध्या एकराचा, कालव्याच्या शेपटाकडचा सभासद आणि वीस एकरांचा, विहीर-मोटरवाला सभासद यांची पायरीही एक नाही. तोड कधी येईल या काळजीत ज्याच्या रात्री जातात, त्याला घड्याळ दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगायला नको.

५. बदलते का? दोन उदाहरणे

आता कुणी म्हणेल, समाजाची घडणच आजारी पाडते म्हटल्यावर आपण काय करणार? सारा समाज बदलेपर्यंत थांबायचे का? तसे नाही. दोन उदाहरणे देतो. एक टोळ्यांच्या गावाकडचे, दुसरे साखर कारखान्याचे.

ज्या जामखेड भागातून तोडणी मजूर निघतात, तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्या वेळी तिथल्या गावांत हजारी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. त्यांनी मोठे रुग्णालय बांधण्यावर सगळा भर दिला नाही. गावागावातून बायका निवडल्या, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, स्वच्छ पाणी यांचे शिक्षण दिले. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी केली. गावात हातपंप घ्यायचा तर तो दलित वस्तीत घेतला. पाण्याला साऱ्या गावाला तिथेच यावे लागले, आणि पाण्याबरोबर शिवाशिवीचा प्रश्नही ढिला झाला. १९९० नंतरच्या दशकात बालमृत्यूचे प्रमाण हजारी तीसच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधे तर त्यांनी वापरलीच. पण पाणी, धान्य, बाईची पत आणि जात, या चार गोष्टींना त्यांनी आरोग्याचे काम मानले.

दुसरे उदाहरण मध्य अमेरिकेतले. एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत पॅसिफिक किनाऱ्याकडच्या उसाच्या पट्ट्यात तरुण तोडणी मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. ना मधुमेह, ना आधीचा रक्तदाब. २००२ पासून वैद्यकीय नियतकालिकांतून हे जगापुढे आले. तिथे मजुरी तोडलेल्या वजनावर. थांबला तर पैसे बुडाले, म्हणून माणूस उन्हात न थांबता, पुरेसे पाणी न पिता तोडत राहायचा. इतर कारणांचा शोध चालू आहे. पण उष्णता आणि अतिकष्ट हे मोठे कारण मानले जाते. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यात मग फडावर सावलीचे तंबू, गार पाणी, क्षारमिश्रित पेय आणि ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती सुरू केली, आणि ती खरोखर घेतली जाते की नाही यावर देखरेख ठेवली. विश्रांती वाढवली तसतसे एका हंगामात मूत्रपिंडाला इजा होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे खाली आले. औषध नवे निघाले नव्हते. कामाच्या अटी बदलल्या होत्या.

मोळी आपल्याकडेही वजनावरच जाते. ऊन आपल्याकडेही मार्चमध्ये तसेच असते.

६. आपल्या हातात काय आहे?

तोडणी मजूर मुकादमाचा, मुकादम वाहतूकदाराचा, मग आपला काय संबंध, असे म्हणून हात झटकता येतात. पण ऊस आपला आहे आणि कारखानाही आपलाच आहे. लोणीला १९५०-५१ साली पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. त्याआधी उसाच्या मातीमोल भावालाही लोक नशीबच म्हणत होते. ते नशीब नव्हते, ती बाजाराची रचना होती. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ती बदलली. सहकाराचा सारा इतिहास हाच आहे. तेच शहाणपण आता आरोग्याला लावायचे आहे.

करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत.

(अ) कोप्या पडतात तिथे पिण्याच्या पाण्याची टाकी, दिवा, बायकांसाठी फिरते संडास आणि न्हाणीचा आडोसा. ज्याच्या रानात टोळी आहे त्याने निदान विहिरीचे पाणी आणि एक आडोसा द्यावा.

(आ) आजारपण, पाळी आणि बाळंतपणाच्या दिवसाला खाडा धरू नये, अशी अट तोडणी-वाहतूक करारात घालावी.

(इ) बाईचे नाव करारात आणि ओळखपत्रावर यावे. तिची मजुरी तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर जमा व्हावी.

(ई) हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी सर्व टोळ्यांची तपासणी व्हावी. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर डॉक्टर आणि नर्स जाव्यात. प्रत्येक टोळीतल्या एका बाईला प्रथमोपचाराचे शिक्षण द्यावे.

(उ) ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय त्यासाठी उचल देऊ नये. कागद दाखवून न्यायचे काम कारखान्याच्या माणसाने करावे.

(ऊ) मुलांसाठी गावाकडची वसतिगृहे आणि इकडच्या शाळा यांची सांगड घालावी. शाळेत राहिलेल्या मुलीचे लग्न लांबते, आणि साखळीची पहिली कडी तिथेच तुटते.

पैशाचे काय, असा प्रश्न येईलच. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये आणि तितकेच शासनाने द्यावेत, असे धोरण ठरलेले आहे. एकरी ४० टन ऊस धरला तर आपल्या वाट्याचे एकरी ४०० रुपये होतात. युरियाच्या दोन गोण्यांनाही याहून जास्त पडतात. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे ५० लाख, शासनाचे तितकेच धरून एक कोटी. हा पैसा वेळेवर भरला जातो का आणि फिरून कोपीपर्यंत पोचतो का, हे विचारायचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. ते विचारायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगत आले. आपल्या गोडीचे मूळ कुणाच्या पाठीवर आणि कुणाच्या कंबरेवर उभे आहे, हे ओळखले तर ती म्हण नुसती तोंडी लावायला राहणार नाही.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या हंगामात आपला ऊस तोडलेल्या टोळीत बायका किती होत्या? त्यांच्यापैकी कितींची नावे आपल्याला किंवा चिटबॉयला ठाऊक आहेत?

२. त्यांची कोपी आपल्या शिवारात कुठे होती? तिथून पिण्याचे पाणी किती लांब होते आणि बायका बाहेर कुठे जात होत्या?

३. त्या हंगामात किती खाडे धरले गेले? त्यातले आजारपणाचे किती? कापलेले पैसे कुणाकडे गेले?

४. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? तिच्या रक्ताची तपासणी शेवटची कधी झाली?

या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक गटाने लिहून शेतकी कचेरीत द्यावीत, म्हणजे पुढच्या हंगामाचे करार होण्याआधी ती संचालक मंडळापुढे ठेवता येतील.